मिनागिवा कोणाची?

चौकशी करायचीच असेल तर माणसानं ती स्वतःच्या खात्यात करावी. तिथे उत्तर मिळत नाही हे आधीपासून ठाऊक असतं, त्यामुळे मनाला लागत नाही. मी नगरपालिकेच्या उद्यान विभागात उपप्रमुख आहे. बागांमधली बाकं, झाडं आणि पाण्याचे नळ माझ्याकडे. इतक्या वर्षांत यांपैकी कुणी मला उलट प्रश्न विचारलेला नाही आणि मीही त्यांना विचारलेला नाही. आमचं छान चाललं होतं. मग मे महिन्यातल्या एका रविवारी वरच्या मजल्यावरच्या ओतावाराबाई हातात साप्ताहिक घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, आपण बुडालो!"

मी गॅलरीत बसून नदीकडे बघत होतो. आमची वसाहत तामा नदीच्या बांधाला लागून आहे आणि रविवारी सकाळी नदीकडे बघणं हा माझा एकुलता एक छंद. तेव्हा मी झोपलेला असतो, असं सुमिए, म्हणजे माझी बायको, म्हणते. मी झोपलेला नसतो. डोळे मिटलेले असतात इतकंच, आणि रेडिओवर शिराफुनेचा कार्यक्रम चालू असतो.

शिराफुने हे तिघा गायकांच्या चमूचं नाव. सुरुवात केली तेव्हा पोरसवदा होते. आता तिघांची चाळिशी उलटली आहे, तिघांनाही थोडं पोट सुटलं आहे, पण आवाज मुरला आहे. आमची मुलगी नोकरीसाठी दूर उत्तरेला, होक्काइदोला गेली तेव्हा घर इतकं गप्प झालं, की फ्रिज सुरू झाला तरी आम्ही दचकायचो. त्या दिवसांत सुमिएनं हा कार्यक्रम लावला आणि घर हळूहळू पुन्हा बोलायला लागलं. पुढे वसाहतीतल्या सात बायकांचं मंडळच झालं. मी मंडळात नाही. मी आपला त्यांच्या गाण्याच्या कार्यक्रमांना सोबतीला जातो, पिशव्या धरायला. "पिशव्या धरणारा माणूस दुसऱ्या कडव्याला डोळे पुसत नाही," असं ओतावाराबाई एकदा सर्वांसमक्ष म्हणाल्या होत्या. मी परागकणांच्या ॲलर्जीचं कारण सांगितलं. कार्यक्रम डिसेंबरात होता.

तर साप्ताहिकातली बातमी अशी होती, की शिराफुनेचं सगळं काम पाहणारी मिनागिवा प्रॉडक्शन ही संस्था विकली जाणार आहे आणि नवा मालक तिघांना वेगवेगळं करून तीन ठिकाणी कामाला लावणार आहे.

"पण आत्ताचा मालक कोण?" सुमिएनं विचारलं.

"तेच तर कुणाला माहीत नाही!" ओतावाराबाई म्हणाल्या. "कळलं तर जाऊन त्याचे पाय धरता येतील. तुमचे साहेब सरकारी आहेत ना? त्यांना काढू दे शोधून."

"मी बाकांचा सरकारी आहे," मी गॅलरीतून म्हणालो.

"सरकार ते सरकार. नाहीतरी झोपलेलेच असता."

 सुमिएनं रेडिओचा आवाज थोडा वाढवला आणि त्याच्या शेजारी हात ठेवून उभी राहिली, दुखणाईताच्या उशाशी उभं राहतात तशी. ते बघून मी हो म्हणालो. एरवी मी सहसा हो म्हणत नाही. उद्यान विभागात ती पद्धत नाही.

पहिला सल्ला आमच्या इमारतीखालचे न्हावी केन्मोची यांनी दिला. गळ्यावर वस्तरा असताना मिळालेला सल्ला नाकारता येत नाही, हे त्यांच्या यशाचं रहस्य आहे. ते म्हणाले, "साहेब, नोंदणी कार्यालयात जा. कुठल्याही कंपनीची कुंडली तिथे कुणालाही मिळते. जन्म कधी, भांडवल किती, संचालक कोण, सगळं. मान वर करा."

मी अर्धा दिवस रजा काढून गेलो. अर्जावर कंपनीचं नाव लिहायचं होतं. आता मिनागिवा म्हणजे पाण्याचा काठ, आणि हा शब्द आमच्या लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिता येतो. मी त्यातली सर्वांत काव्यमय तऱ्हा निवडली, महसुली तिकिटं विकत घेऊन चिकटवली आणि खुर्चीवर जाऊन बसलो. नंबर पुकारला गेला. कागद हातात आला. तो वाचता वाचता माझ्या अंगावर काटा आला, कारण कंपनीचा उद्देश म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: 'हंसाच्या आकाराच्या, पायांनी चालवायच्या होड्या भाड्याने देणे.'

मी दोन मिनिटं तिथेच बसून राहिलो. माझ्या डोळ्यांपुढे एक निळं तळं आलं. तिघेजण तीन पांढऱ्या हंसांत बसून पाय मारत मारत तीन दिशांना निघाले होते, आणि काठावर सुमिए रेडिओ घेऊन उभी होती. मी खिडकीशी गेलो आणि म्हणालो, "हे भयंकर आहे."

"ही दुसरीच कंपनी आहे," आतल्या तरुणीनं कागद पाहून सांगितलं. "नाव चुकीचं लिहिलंय आपण. अर्ज पुन्हा भरा."

"अर्ज पुन्हा भरा" हे वाक्य मी स्वतः गेली तीस वर्षं म्हणत आलो आहे, पण ते ऐकायला असं लागतं याची मला कल्पना नव्हती. त्यात एक गारवा असतो. तळघराचं दार उघडल्यासारखा.

दुसऱ्या कागदावर मिनागिवा प्रॉडक्शन खरी निघाली. उद्देश: गायकांचा सांभाळ, कार्यक्रमांचं आयोजन, शोभेच्या माशांची पैदास, आणि शेवटी, 'वरील सर्वांशी निगडित असलेले सर्व काही'. हे शेवटचं कलम मी बराच वेळ वाचत बसलो. वरील सर्वांशी निगडित असलेलं सर्व काही! मग उरलं काय? सुमिएचा रेडिओ त्यात येत होता, आमची गॅलरी येत होती, कदाचित मीही येत होतो. कार्यालय बंद व्हायची वेळ झाली म्हणून त्या तरुणीनं मला हलवलं. मी झोपलेला नव्हतो.

पण मालक कोण, हे त्या कागदावर नव्हतं. संचालकांची नावं होती. संचालक म्हणजे कंपनी हाकणारे. कंपनी ज्यांच्या खिशात असते त्या भागधारकांची नावं तिथे लिहीतच नाहीत म्हणे.

"मग राजपत्र बघा," केन्मोची म्हणाले. माझे केस एवढ्यात वाढलेले नव्हते, पण ते गप्पांसाठी कापायला तयार होते. "कंपन्यांनी वर्षाचे हिशेब तिथे छापायचे असतात."

शनिवारी मी वाचनालयात राजपत्रं घेऊन बसलो. मिनागिवानं हिशेब छापले नव्हते. लहान कंपन्या बहुतेक छापतच नाहीत, असं मला नंतर कळलं. पण राजपत्र ही चीज मी पहिल्यांदाच नीट वाचली. त्यात कोणाकोणाचं दिवाळं निघाल्याच्या नोंदी असतात. कोण नव्यानं देशाचे नागरिक झाले ते असतं. आणि मध्येच, वाटेत मरण आलेल्या, नाव न कळलेल्या माणसांच्या चार ओळी असतात: अंदाजे वय, अंगावर राखी कोट, जवळ एक छत्री. ज्या कुणाचे असतील त्यांनी यावं. खिडकीबाहेर हायड्रेंजियाला पहिले निळे गुच्छ येत होते. मला वाटलं, देश म्हणजे कोणीतरी बसून सगळ्यांना विचारतोय, 'हे कोणाचं? हे कोणाचं?' आणि उत्तराची वाट बघत छपाई चालू ठेवतोय. त्या विचारात असताना ग्रंथपालांनी येऊन हळूच सांगितलं, की वाचनालयात घोरायला मनाई आहे.

मी रिकाम्या हातानं घरी आलो. मंडळाची बैठक आमच्याकडेच चालू होती. सात बायकांनी सात तऱ्हेनं माझ्याकडे पाहिलं.

"एवढे दिवस काय केलंत मग?" ओतावाराबाईंनी विचारलं.

"वरील सर्वांशी निगडित असलेलं सर्व काही," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

शेवटी ठरलं, की सरळ संस्थेच्या कार्यालयात जाऊन विचारायचं. बायका गेल्या तर चाहत्या म्हणून दारातूनच परत पाठवतील. सूट घातलेला पुरुष गेला तर निदान आत तरी घेतील. माझ्याकडे गडद रंगाचा सूट एकच, आम्ही अंत्यविधीला वापरतो तो काळा. सुमिएनं त्यावरून ब्रश फिरवला. "टाय दुसरा बांधा हं," ती म्हणाली. मी विसरलो.

सुमिदा नदीच्या काठी, खाली बाहुल्यांचं घाऊक दुकान असलेल्या एका अरुंद इमारतीत मिनागिवाचं कार्यालय होतं. काचेमागे शंभरेक बाहुल्या दरबारी पोशाखात माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्यासमोर मी टाय नीट केला आणि तिसऱ्या मजल्यावर चढलो. नागुमो नावाचे एक दमलेले व्यवस्थापक पुढे आले. मी खिसा चाचपला. नावाची कार्डं घरी राहिली होती. आमच्याकडे कार्ड नसलेला माणूस म्हणजे अर्धा नाहीसा झालेला माणूस.

"माफ करा," मी म्हणालो, "आज कार्ड देता येत नाही."

नागुमोंनी माझ्या काळ्या सुटाकडे पाहिलं, काळ्या टायकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या नोंदणीच्या कागदाकडे पाहिलं.

"मला एवढंच जाणून घ्यायचंय," मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो, "की ही कंपनी नक्की कोणाची आहे?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "आपण... त्या विक्रीच्या संदर्भात?"

"हो, त्याच संदर्भात," मी म्हणालो. हे अक्षरशः खरं होतं.

"चला. अध्यक्षबाई वरच आहेत."

इथून पुढचं मला आजही पाण्याखालून पाहिल्यासारखं आठवतं. गच्चीवर एक लहानशी खोली होती, बाहेर मातीच्या मोठ्या हंड्यांमध्ये लाल मासे फिरत होते आणि खाली नदी उन्हात अगदी सावकाश चालली होती. वेताच्या खुर्चीत ऐंशी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या मित्सुइशी तोकिकोबाई बसल्या होत्या. त्यांनी मला गार जवाचा चहा दिला, सोबत लाल चवळीच्या वड्या, आणि म्हणाल्या, "सगळे शेअर माझेच आहेत. कपाटात स्वेटरखाली ठेवलेत. तुम्ही कोणाकडून आलात?"

इतके दिवस शोधत होतो ते उत्तर असं, चहाबरोबर, समोर आलं. मी त्या क्षणी उठून आभार मानून जायला हवं होतं. पण चहा गार होता, वारा होता, आणि इतक्या आदरानं मला कोणी 'कोणाकडून आलात' असं कधी विचारलं नव्हतं.

"सात स्त्रियांकडून," मी खरं ते सांगितलं.

"सात!" त्या नागुमोंकडे वळल्या. "आणि त्यांची ताकद किती?"

मी सुमिएचा विचार केला. रेडिओवर ठेवलेला हात आठवला. "मोजता येणार नाही," मी म्हणालो.

नागुमोंनी माझा पेला लगबगीनं पुन्हा भरला.

"कंपनी घेतलीत तर माझ्या पोरांचं काय करणार?" तोकिकोबाईंनी विचारलं.

आता, माणसाच्या मनात काही गोष्टी आधीच तयार असतात आणि विचारणाऱ्याची वाट बघत असतात. मला वाटतं, मी ते सगळं गॅलरीतच ठरवून ठेवलं होतं. मी बोलायला लागलो. तिघांना वेगळं करायचं नाही. तिघांतल्या तकुमाला त्या प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमांतून काढायचं. त्याला उत्तरं येत नाहीत आणि तो कष्टी होतो. संथ गाणी वाढवायची. आणि कार्यक्रमाच्या आधी रांगेत तासन्‌तास उभ्या असणाऱ्या बायकांसाठी सावलीत बाकं टाकायची. पाठ असलेली, कारण पन्नाशीनंतर बिनपाठीच्या बाकावर बसणं म्हणजे उभं राहण्याचाच एक प्रकार. बैठकीची उंची, लाकूड कोणतं, पावसाचं पाणी निथळायला फटी किती, हे मी तपशीलवार सांगितलं. मासे फिरत होते. तोकिकोबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"इतके जण येऊन गेले," त्या शेवटी म्हणाल्या, "सगळे आकडे बोलले. बाकांबद्दल कोणी बोललं नाही." मग त्यांनी नागुमोंना माझा फोन नंबर लिहून घ्यायला सांगितलं. मी घरचा दिला.

जिना उतरताना मला कळलं की मी एक कंपनी जवळजवळ विकत घेतली आहे.

घरी मी एवढंच सांगितलं, की मालकीण एक वृद्ध बाई आहेत आणि चांगल्या आहेत. बाकीचं योग्य वेळी सांगणार होतो. योग्य वेळ ही आमच्या विभागात साधारण पुढल्या आर्थिक वर्षात येते. पण पुढच्याच आठवड्यात ओतावाराबाई नवं साप्ताहिक फडकावत आल्या आणि भर बैठकीत त्यांनी मोठ्यानं वाचलं: मिनागिवासाठी एक अज्ञात गट पुढे सरसावला आहे. त्यामागे सात अतिधनाढ्य स्त्रिया असून, त्यांचा प्रतिनिधी म्हणजे काळ्या पोशाखातला, चेहऱ्यावरून मनाचा थांग लागू न देणारा एक गृहस्थ आहे.

"सात जणी!" ओतावाराबाई कडाडल्या. "पैसा उतू चाललाय मेल्यांचा! नवरे नसतील घरात, दुसरं काय. गायक विकत घ्यायला निघाल्यात!"

"आणि तो माणूस बघा," सुमिए म्हणाली. "थांग लागू न देणारा. दरोडेखोर असणार."

खरं सांगायचं तर मला त्या शब्दांचा राग आला नाही. माझ्या चेहऱ्याबद्दल छापून यायची ही पहिलीच वेळ होती, आणि थांग लागत नाही हे माझ्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. मी खिडकीच्या काचेत हळूच पाहून घेतलं.

"काय बघताय?" ओतावाराबाई म्हणाल्या. "तुम्ही त्या कार्यालयात जाऊन आलात. आता हा माणूस कोण ते शोधून काढा."

असं मला माझ्याच मागावर पाठवण्यात आलं. मी रोज संध्याकाळी बांधावर चक्कर मारून यायचो आणि सांगायचो, "अजून हाती लागला नाही." एक-दोनदा तर मला तो खरंच दिसला. नदीपलीकडे, काळ्या सुटात, सात सावल्यांच्या पुढे चालणारा, कशाचीही भीती नसलेला माणूस. माझ्यापेक्षा थोडा उंच होता.

मग एका दुपारी, मी कचेरीत असताना, घरी फोन आला. घरी परतलो तेव्हा सुमिए जेवणाच्या टेबलाशी हाताची घडी घालून बसली होती. स्वयंपाक झालेला नव्हता.

"नागुमो म्हणून कोणी आहेत," ती म्हणाली. "फार अदबीनं बोलत होते. विचारत होते, साहेब त्यांच्या सातही बाईसाहेबांना घेऊन गुरुवारी येतील का?"

मी टाय सैल करायला लागलो.

"सात," सुमिए म्हणाली. "एक सांभाळताना झोप लागते तुम्हाला."

मग मी सगळं सांगितलं. हंसांपासून माशांपर्यंत.  शेवटी तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे, म्हणून जवळ गेलो, तर तिनं टेबलावर डोकं टेकवलं होतं आणि तिला हसू आवरत नव्हतं. इतकं ती मुलगी गेल्यापासून हसली नव्हती. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "पण अहो, त्या म्हाताऱ्या बाईंनी तुमच्या भरवशावर दुसऱ्यांना नकार दिला असेल तर?"

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. 

"गुरुवारी जायचं," सुमिए म्हणाली. "सगळ्यांनी. आणि खरं सांगायचं."

मंडळाला सांगितलं तेव्हा ते साप्ताहिक सगळ्यांच्या हातातून पुन्हा एकदा फिरलं. मग ओतावाराबाई हळूहळू म्हणाल्या, "म्हणजे... त्या सात मेल्या आपणच?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर विचार केला आणि केसांवरून हात फिरवला. "अतिधनाढ्य," त्या पुटपुटल्या. "नेसायचं काय मग?"

गुरुवारी सातही जणी ठेवणीतले किमोनो नेसून बाहुल्यांच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा काचेच्या आत कोण आणि बाहेर कोण हे क्षणभर मलाही कळेना. आम्ही गच्चीवर गेलो. तोकिकोबाई उभ्याच होत्या. मी तोंड उघडणार, तोच त्या कमरेत इतक्या खाली वाकल्या की मला त्यांच्या मानेचा मागचा भाग दिसला.

"मला क्षमा करा," त्या म्हणाल्या. "आज सकाळी मी सही करून बसले. तुम्हाला नाही, पोरांना वेगळं करणार होती त्या मोठ्या कंपनीला विकलं."

आम्हीही वाकलो. आमच्याकडे कोणी वाकलं की आपोआप वाकलं जातं. वाकलेल्या अवस्थेतच मी ऐकलं ते असं: सात स्त्रियांची बातमी वाचून मोठी कंपनी घाबरली होती. तिनं अटी बदलल्या. तिघांना एकत्र ठेवायचं, रविवारचा कार्यक्रम चालू ठेवायचा, असं लिहून दिलं. तोकिकोबाईंना दुसरं काही नकोच होतं.

"बाई," मी सरळ होत म्हणालो, "आम्ही विकत घेणारे नव्हतोच. आमच्याकडे पैसे नाहीत. मी नगरपालिकेत बाकं बघतो."

"आता किंमत वाढवून उपयोग नाही, साहेब," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "सही झाली."

"पण खरंच पैसे नाहीत!"

"काय पण मुरलेला आहे," त्या नागुमोंना म्हणाल्या.

एवढ्यात जिन्याचं दार उघडलं आणि शिराफुनेचे तिघे गच्चीवर आले. मोठ्या पाहुण्यांचा मान राखायला त्यांना बोलावलं होतं. ओतावाराबाई, ज्यांना मी आजवर गप्प बसलेलं पाहिलेलं नाही, त्यांच्या तोंडून फक्त हवा बाहेर पडली, शब्द नाही. तिघे वाकले. तकुमा जवळून बुटका दिसत होता. सुमिए एक पाऊल पुढे गेली आणि मला वाटलं, आता सांगते ही.

"आमच्या घरात बोलणं बंद पडलं होतं," ती तकुमाला म्हणाली. "तुमच्यामुळे सुरू झालं."

"कुठल्या गाण्यामुळे?" त्यानं विचारलं.

"गाण्यामुळे नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीला तुम्ही देशभरचं हवामान सांगता ना. होक्काइदोचं ऐकलं की मी ह्यांना म्हणायची, 'तिकडे आज बर्फ आहे हं.' मग हे म्हणायचे, 'तिनं कोट घेतला असेल का?'"

तकुमानं बाकीच्या दोघांकडे वळून पाहिलं. "ते बंद करा म्हणून मी किती दिवस मागे लागलोय," तो म्हणाला. "आता नाही लागणार." मी नदीकडे बघितलं. मला ती नीट दिसत नव्हती.

हे सगळं इथेच संपायला हरकत नव्हती. पण ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा घरी फोन वाजला आणि या वेळी तोकिकोबाई स्वतः बोलत होत्या. सुमिएनं त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि या खेपेला त्यांचा विश्वास बसला.

"म्हणजे खरंच पैसे नव्हते?"

"अजिबात."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "ऐका, वहिनी. आता माझं काहीच राहिलं नाही. कंपनी नाही, कार्यालय नाही, नागुमोही तिकडे गेले. मग वाटलं, तुमच्या त्या मंडळात एक जागा असेल तर बघावी."

सप्टेंबरात नदीकाठच्या सभागृहात शिराफुनेचा कार्यक्रम झाला. तोकिकोबाई आमच्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. नव्या व्यवस्थापकांनी ओळखून आत पुढे न्यायचा प्रयत्न केला, तर म्हणाल्या, "माझा नंबर ओतावाराबाईंच्या मागे आहे." ओतावाराबाईंनी त्यांना चाहत्यांनी गाण्याबरोबर हलवायची चमकणारी कांडी कशी धरायची, कोणत्या ओळीला किती हलवायची, आणि तकुमा गाताना ती मुळीच हलवायची नाही, हे सगळं फार कडकपणे शिकवलं. त्यांनी मुकाट्यानं शिकून घेतलं.

आत बसल्यावर त्या सुमिएला म्हणाल्या, "मला थोडी धडधड होतेय."

"का हो? तुम्ही तर शेकडो कार्यक्रम पाहिले असतील."

"विंगेतून पाहिले, समोरून एकदाही नाही. या पोरांच्या पाठी मला पाठ आहेत. कोणाची शिवण कुठे उसवते, घाबरल्यावर कोणाचा कोणता खांदा वर जातो. पडद्यामागे नेहमी कोणीतरी हवं असतं ना. पाणी तयार ठेवायला."

दिवे मंद झाले. पांढऱ्या झोतात तिघे आले आणि पहिलंच गाणं तकुमाचं, संथ निघालं. आमच्या रांगेतल्या कांड्या सगळ्या मांडीवर होत्या. तोकिकोबाई पुढे वाकल्या.

"अगं बाई," त्या कुजबुजल्या, "हा गाताना डोळे मिटतो?"

"नेहमीच," सुमिए म्हणाली.

"मला कोणी सांगितलं नाही!"

 सभागृहभर कोणी हलत नव्हतं. तकुमाचे डोळे मिटलेले होते, सुमिएचे मिटलेले होते, ओतावाराबाईंचेही. एकट्या तोकिकोबाई खुर्चीच्या अगदी कडेला बसून, पापणीसुद्धा न लववता समोर बघत होत्या. जन्मभराचं राहून गेलेलं बघणं त्यांना त्या एका गाण्यात पुरं करायचं होतं.